विंडोजचं प्रोग्रॅमिंग शिकायला छापील पुस्तक कुठलं घ्यावं? सी येतं, काट्याचं सॉफ्टवेअर करायचंय

काजूबी_खानापूर

नमस्कार सगळ्यांना. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका काजू फॅक्टरीच्या ऑफिसात मी काम करते. हिशेब, हजेरी आणि सीझनला काट्यावर पावत्या. बीसीए बेळगावात झालं. सी बऱ्यापैकी येतं, म्हणजे पॉइंटर, स्ट्रक्चर, फाइल इथपर्यंत हात बसलाय. जावा परीक्षेपुरतीच.

आमच्याकडे मार्चपासून मेपर्यंत शेतकरी काजू बी घेऊन येतात. पोतं काट्यावर चढतं, इंडिकेटरवर आकडा येतो, तो बघून मी कॉम्प्युटरवर टाकते आणि पावती काढते. इंडिकेटरच्या मागे नऊ पिनांचं पोर्ट आहे, केबलही पडून आहे, पण आत्ताचं सॉफ्टवेअर आकडा आपणहून घेत नाही. ज्यांनी ते करून दिलं ते आता फोन उचलत नाहीत. दुसरी कटकट नावांची. पावतीवर नाव फक्त इंग्रजीत पडतं. चंदगडकडून येणाऱ्यांना मराठी पाहिजे, बिडी-कित्तूरकडचे कन्नड वाचतात, आणि इंग्रजी स्पेलिंग दरवेळी वेगळं पडल्यामुळे एकाच माणसाची तीन-तीन खाती होऊन बसलीत. हिशेबाच्या दिवशी त्यावरून भांडणं.

मालक म्हणाले, तुला येतं की कॉम्प्युटर, तूच कर. बसले करायला. काळ्या स्क्रीनवर चालणारा प्रोग्रॅम झाला पटकन. पण तो बघून ऑफिसातलं कोणी हात लावेना. त्यांना विंडो पाहिजे, बटण पाहिजे, यादीतून नाव निवडता आलं पाहिजे. आणि तिथं मी अडकले. सीमध्ये माझा प्रोग्रॅम वरून खाली जातो: विचारा, थांबा, उत्तर घ्या, पुढं चला. विंडोच्या प्रोग्रॅममध्ये थांबायचं कुठं तेच कळेना. मी लिहिलेलं फंक्शन मी कुठंच बोलावत नाही, तरी ते चालतं कसं?

कृपा करून व्हिडिओ सुचवू नका. जून लागला की आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, आणि माझं वाचन होतं ते बसमध्ये. कागदावरचं पुस्तकच पाहिजे. ऑफिसचं मशीन विंडोज ७, दोन जीबी रॅम. घरी भावाचा लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ११.

चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या 'प्रोग्रॅमिंग विंडोज'चं नाव सगळीकडे दिसतं. त्याची सहावी आवृत्ती जुनी, निम्म्या किमतीत मिळालीय समजा. सगळ्यात नवी तीच ना? घेऊन टाकू का? की दुसरं काही आहे? मराठीत असलं तर फारच बरं. कळवा की.

उद्यमबाग_लेथ

आता डेस्कटॉप कोण शिकतं ओ? वेबवर करा. मालकांना मोबाइलवर पण दिसेल.

शहापूर_जुनाखोड

उद्यमबागवाले, तुमच्या दारात फायबर आहे म्हणून बोलताय. जांबोटीच्या बाजूला पावसात काय होतं ते तिथल्या लोकांना विचारा. शेतकरी पोतं उतरवून उभा आहे आणि आपण त्याला सर्व्हर मिळेना म्हणून सांगायचं, हे काही खरं नाही. काटा, प्रिंटर आणि माणूस एका टेबलाशी असतील तर प्रोग्रॅमही त्याच टेबलावर असावा.

ताई, ती सहावी आवृत्ती घेऊ नका. निम्म्या किमतीत काय, फुकट दिली तरी तुमच्या कामाची नाही. नाव तेच, लेखक तेच, पण आतला विषय बदललाय. पहिली आवृत्ती १९८८ मधली. तिथून पाचवीपर्यंत सी भाषा आणि विंडोजचं मूळ एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी बोलवायची विंडोजची स्वतःची फंक्शनं. पाचवी १९९८ ला आली. सहावी २०१२-१३ ची, ती विंडोज ८ बरोबर निघालेल्या स्टोअर अ‍ॅप्सवर आहे, सी शार्प आणि झॅमल (विंडोची मांडणी लिहायची भाषा) यांत. त्या तऱ्हेचे प्रोग्रॅम विंडोज ७ वर उघडतच नाहीत. ती स्वस्तात का पडून असते ते आलं ना लक्षात.

पाचवी शोधा. दीड हजार पानांच्या आसपासचं बाड आहे, बसमध्ये मांडीवर घेऊन वाचायचं तर बसायला जागा मिळालेली बरी. नवीन मिळायचं नाही. जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत बघा, नाहीतर पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करायला सांगा. सोबतची सीडी गहाळ असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पहिले प्रोग्रॅम हाताने टाइप केलेलेच बरे.

मी स्वतः शहापूर-वडगावच्या मागवाल्यांची साड्यांची बिलं आणि मजुरी व्हीबी सिक्सवर (व्हिज्युअल बेसिक ६) करून पोट भरलेला माणूस. म्हणजे बटण ओढून फॉर्मवर टाकायचं आणि त्यावर डबल क्लिक करून आत कोड लिहायचा, या शाळेतला. त्या शाळेची एक खोड आहे: काम लवकर होतं, आणि पहिल्यांदा विंडो पांढरी पडून 'नॉट रिस्पाँडिंग' आलं की माणूस आठवडाभर देवाला नवस बोलतो. कारण खाली काय चाललंय ते त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. पाचव्या आवृत्तीचं तिसरं प्रकरण ते दाखवतं. माझ्या मते तेवढ्या एका प्रकरणासाठी ते बाड घ्यावं.

तुमचा प्रश्न, की मी न बोलावता माझं फंक्शन चालतं कसं, त्याचं उत्तर तिथल्या 'हॅलोविन' नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅमात आहे. सीझनला तुमच्या फाटकाशी काय होतं? लोक पोती घेऊन रांगेत येतात. तुम्ही कोणाच्या घरी जाऊन 'आज आणणार का' म्हणून विचारत नाही. 'पुढचं' म्हणता, जे पुढं आलं त्याचं वजन करता, पुन्हा 'पुढचं'. रांग रिकामी असली तर बसून राहता. गेटमेसेज म्हणजे ते 'पुढचं'. कळ दाबली, माऊस हलला, झाकलेली विंडो उघडी पडली, प्रत्येकाचा एक मेसेज रांगेत लागतो. डिस्पॅचमेसेज तो विंडोजच्या हातात देतं आणि विंडोज तुमचं विंडो-प्रोसिजर, म्हणजे मेसेज हाताळायला तुम्ही लिहिलेलं फंक्शन, बोलावतं, कारण विंडो-क्लास नोंदवताना त्या फंक्शनचा पत्ता तुम्हीच देऊन ठेवलेला असतो. साधा फंक्शन पॉइंटर. पॉइंटर येतात म्हणालात, मग घाबरायचं काय त्यात.

ते प्रकरण वाचताना प्रोग्रॅम नुसता चालवून पुढं जाऊ नका, मोडून बघा. डब्ल्यूएम_डिस्ट्रॉय (विंडो मोडताना येणारा मेसेज) मधली पोस्टक्विटमेसेजची ओळ काढा. विंडो बंद होते, सगळं ठीक दिसतं. आता टास्क मॅनेजर उघडा: प्रोग्रॅम तिथं ठाण मांडून बसलेला. गेटमेसेजनं शून्य दिलं तरच 'पुढचं, पुढचं' म्हणणारा लूप सुटतो, आणि शून्य मिळायला क्विटचा मेसेज लागतो, तो कोणी टाकलाच नाही. मग ती ओळ परत घाला आणि डब्ल्यूएम_पेंट (विंडो रंगवायचा मेसेज) मधलं बिगिनपेंट-एंडपेंट काढून नुसतं रिटर्न झीरो ठेवा. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. विंडोजच्या हिशेबी तो भाग अजून रंगवायचाच आहे, म्हणून रांग रिकामी झाली की पुन्हा पेंट, पुन्हा पेंट.

एक अडचण येणार ती आधीच सांगतो. हॅलोविन सुरू होताना प्लेसाउंड वापरून एक आवाज वाजवतं, आणि लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा) तिथं 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल' म्हणून अडतो. विनएमएम ही लायब्ररी जोडली की सुटलं. पुस्तकात ते सांगितलंय, पण लोक ते वाक्य गाळून पुढं जातात आणि पुस्तक जुनं झालं म्हणून बोंबलतात. पुस्तक खरोखर जुनं झालंय ते दुसरीकडे: ६४ बिटला पॉइंटर साठवताना गेटविंडोलाँगच्या जागी गेटविंडोलाँग-पीटीआर लागतं, आणि बारीक पिक्सेलच्या आताच्या स्क्रीनवर त्या विंडो धूसर दिसतात. तुम्ही ३२ बिटलाच कंपाइल करा, दोन्ही मशीनवर चालेल.

सगळं वाचायचं नाही. दुसरं प्रकरण युनिकोडचं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीचं आहे, लोक ते कंटाळवाणं म्हणून सोडतात, तुम्ही सोडू नका. मराठी-कन्नडचं तुमचं सगळं काम त्यावर उभं आहे. मग तिसरं, चौथं, पाचवं. कीबोर्ड आणि टायमर वाचा. नववं, चाइल्ड विंडोचं, सावकाश वाचा: बटण म्हणजेसुद्धा एक विंडोच, हे तिथं कळतं. अकराव्यात डायलॉग. तिथं पुस्तक मिटलं तरी चालेल. पॅलेटचं प्रकरण २५६ रंगांच्या मॉनिटरच्या काळातलं, मेटाफाइलचंही तुम्हाला काम नाही.

चौथ्या प्रकरणात सिसमेट्स नावाचा प्रोग्रॅम आहे, कॉलम पाडून यादी दाखवणारा. तिथं कॉलम मांडायला अक्षराची सरासरी रुंदी घेऊन गुणाकार केलाय. इंग्रजीला चालतं. मराठीत 'क्ष' म्हणजे मेमरीत तीन कोड आणि स्क्रीनवर एक आकृती, गुणाकार करून हाती काहीच लागणार नाही. टेक्स्ट एक्स्टेंट मोजणारं फंक्शन आहे, त्यानं प्रत्येक नावाची खरी रुंदी विचारा. जोडाक्षरांची काळजी नको, युनिकोड टेक्स्टआउटला नाव दिलं की जुळणी विंडोज करतं. फाँट मात्र विंडोज ७ वर देवनागरीला मंगल आणि कन्नडला तुंगा असा वेगळा धरा. निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत, पण तो विंडोज ८ पासून आला.

आता खरी गोष्ट. एवढं वाचून काट्याचं सॉफ्टवेअर सीमध्ये करायला जाऊ नका. शेतकऱ्यांच्या यादीचा एक ग्रिड (तक्ता) करायलाच सीझन संपेल. पायाचं कळलं की सी शार्प आणि विनफॉर्म्स (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधली तयार विंडो-बटणं) धरा. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ वर बसतं, सीरियल पोर्टचा क्लास त्यात तयार आहे. त्यासाठीही पेट्झोल्डच: 'प्रोग्रॅमिंग मायक्रोसॉफ्ट विंडोज विथ सी शार्प'. २००१ च्या सुमाराचं. त्यात डिझायनर (माऊसनं बटणं ओढून फॉर्म मांडायची सोय) न वापरता बटणं कोडमधून बनवलीत, म्हणून पुष्कळांना आवडत नाही. मला त्याचसाठी आवडतं. भाषा सी सारखीच, तुम्हाला जड जाणार नाही.

मराठीत शोधत बसू नका, तेवढ्या वेळात तिसरं प्रकरण होईल. पेट्झोल्डचं इंग्रजी सरळ आहे, अवघड शब्द असला तरी पुढच्या दोन ओळींत कोड येतो आणि अर्थ लागतो. तेही जड वाटलं तर आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' तुमच्याकडे असणारच. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांत शेवटी-शेवटी विंडोजवर प्रकरणं होती, नंतर ती गेली. कॉलेजच्या लायब्ररीत मळकट, पानं सुटलेली प्रत असते ना, ती उघडून अनुक्रमणिका बघा. थोडक्यात आहे, पण पेट्झोल्डच्या आधी चव घ्यायला चांगलं.

व्हीटीयू_पाचवं_सेम

काका, एवढं कशाला? पायथन आणि क्यूटी (विंडो-बटणं करायची लायब्ररी) घ्या. मार्टिन फिट्झपॅट्रिक यांचं 'क्रिएट जीयूआय अ‍ॅप्लिकेशन्स विथ पायथन अँड क्यूटी ६' आहे, त्यात पहिल्याच प्रकरणात विंडो आणि बटण येतं. सिग्नल आणि स्लॉट म्हणजे बटणाचा सिग्नल तुमच्या फंक्शनला जोडायचा, झालं. मी प्रोजेक्ट त्याच्यावरच केला, लिनक्सवर पण तसाच चालतो. १९९८ चं पुस्तक आत्ता कोण वाचतं.

निपाणी_वखार

पाचवं सेमवाले, पुस्तक चांगलं हाय, पण ताईंचं मशीन वाचलंस काय? विंडोज ७. पायथन ३.९ पासनं विंडोज ७ वर बसतच न्हाई, ३.८ वर थांबायला लागतंय. आणि क्यूटी ६ ला विंडोज १० पाहिजे. म्हंजे क्यूटी ५ धरायचं आणि पुस्तक ६ चं वाचायचं. शिकणाऱ्या माणसाला असलं ओझं देऊ नये.

ताई, माझी शिफारस लाझारस, पास्कल भाषेत विंडोचे प्रोग्रॅम करायचं साधन. फुकट हाय, फ्री पास्कलवर चालतंय, डेल्फीसारखं दिसतंय. आमच्या तंबाखूच्या वखारीत बोदांचा स्टॉक, कोणत्या थप्पीला किती, कोणाचा माल, सगळं त्याच्यावर हाय. दोन जीबीच्या मशीनवर मस्त पळतंय. करून झालं की एकच एक्झी फाइल, पेन ड्राइव्हवर घालून न्यायची, वर काही इन्स्टॉल करायला नको. काट्यासाठी सायनासर म्हणून फुकट लायब्ररी मिळते, सीरियल पोर्टचं काम तीच करतीय.

बुकाचं म्हणाल तर मार्को कांटू यांचं 'इसेन्शियल पास्कल', भाषेपुरतं. बारकं हाय, बसमध्ये बसेल तुमच्या. विंडोसाठी डेल्फीची जुनी बुकं रद्दीच्या भावात मिळत्यात, डेल्फी ७ च्या काळातली कुठलीबी घ्या, नव्वद टक्के… जाऊ दे, टक्के सांगत न्हाई, पण फॉर्म, बटण, ग्रिड, टायमर हे सगळं जसंच्या तसं लागू पडतंय. पास्कल नवीन म्हणून बिचकू नका. सी आलेल्या माणसाला बिगिन-एंडची सवय लागली की बास.

जुनाखोड काकांचं तिसऱ्या प्रकरणाचं मात्र पटलं. ते मीबी वाचलंय. लाझारस धरलं तरी ते वाचाच.

शहापूर_जुनाखोड

निपाणीकर, लाझारसला माझी ना नाही. एक एक्झी ही मोठी सोय आहे, तुमचं बरोबर. मी सी शार्प म्हणालो ते एवढ्यासाठी की अडलं तर विचारायला बेळगावात चार माणसं भेटतील, पास्कलवाला हुडकायला निपाणीलाच यावं लागेल.

काजूबी_खानापूर

सगळ्यांचे आभार. पाचवी आवृत्ती मिळाली, कोल्हापूरच्या एका माणसाकडून, सीडी नाही. कव्हर फाटकं आहे पण पानं सगळी आहेत. तिसरं प्रकरण वाचलं, टास्क मॅनेजरमध्ये बसलेला प्रोग्रॅमही बघितला. मजा वाटली. विनएमएमची ओळ पुस्तकात होती, काका.

आता सी शार्पवर आलेय. फॉर्म झाला, यादी झाली, 'वजन घ्या' असं बटण केलं. बटणाच्या क्लिकमध्ये पोर्ट उघडते आणि रीडलाइन करते. बटण दाबलं की विंडो गोठते, थोड्या वेळानं पांढरी पडते आणि वर नॉट रिस्पाँडिंग. इंडिकेटरवर आकडा दिसतोय, केबल नीट आहे. पुटीमध्ये (पोर्टवर काय येतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) तेच पोर्ट उघडलं तर आकडे येताना दिसतात, फक्त सगळे एकाच ओळीवर, एकावर एक. म्हणजे आकडा येतोय पण माझ्या प्रोग्रॅमला मिळत नाहीये. क्लिकमध्ये रीडलाइन लिहिली म्हणून 'पुढचं' म्हणणारं कोणी उरलं नाही, एवढं कळलं. पण रीडलाइन परत का येत नाही?

शहापूर_जुनाखोड

वा, पुटीत आधी बघितलंत हे फार चांगलं केलंत. उत्तर त्यातच आहे. आकडे एकावर एक पडतात, ओळ खाली सरकत नाही, म्हणजे तुमचा इंडिकेटर प्रत्येक आकड्याच्या शेवटी नुसता कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जा) पाठवतोय, लाइन फीड (खालच्या ओळीवर जा) पाठवत नाही. आणि डॉट नेटच्या सीरियल पोर्टची ओळ संपते ती लाइन फीडवर, मुळातच तसं ठरवलेलं. वरून वाट बघायची मर्यादाही मुळात अमर्याद. म्हणून रीडलाइन जन्मभर लाइन फीडची वाट बघत बसते. न्यूलाइन या प्रॉपर्टीत कॅरेज रिटर्न घाला, रीडटाइमआउट दोन हजार ठेवा, म्हणजे दोन सेकंद. लगेच आकडा येईल.

पण तेवढ्यावर थांबू नका. काटा बंद असेल तेव्हा विंडो दोन सेकंद गोठणारच. मेसेज उचलायचं पाच सेकंद थांबलं की विंडोज तिला मेलेली समजून पांढरी करतं, दोन सेकंद त्याच्या आत आहेत म्हणून बोंब होणार नाही इतकंच. नीट करायचं तर वाचन क्लिकमधून काढा आणि डेटारिसीव्ह्ड या इव्हेंटवर टाका. तिथं दोन खड्डे आहेत.

एक, तो इव्हेंट दुसऱ्या थ्रेडवर येतो, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या कामाच्या शेजारी चालणाऱ्या वेगळ्या कामात. तिथून सरळ टेक्स्टबॉक्समध्ये आकडा लिहायला गेलात की 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' म्हणून प्रोग्रॅम पडतो. बिगिनइन्व्होक वापरा. ते काय करतं? तुमच्या विंडोच्या रांगेत एक मेसेज लावतं, बस. वेळ आली की तुमचाच मूळ थ्रेड तो उचलतो आणि आकडा लिहितो. तिसरं प्रकरण वाचलेल्याला यात काही जादू दिसू नये. नुसतं इन्व्होक वापरू नका. पोर्ट बंद करायच्या वेळी दोन्ही थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकून बसतात.

दोन, इव्हेंट आला म्हणजे पूर्ण आकडा आला असं नाही. एकदा '४' येईल, पुढच्या वेळी '५.३०' आणि शेवट. आलेलं एका स्ट्रिंगमध्ये साठवत जा, कॅरेज रिटर्न दिसला की तिथपर्यंतचं कापून घ्या, उरलेलं पुढच्यासाठी ठेवा. हे गाळलंत तर कधीतरी पंचेचाळीस किलोच्या पोत्याची पावती पाच किलोची निघेल, आणि ते ऐकून घ्यायला चंदगडवाले तुमच्या टेबलाशी येतील.

आणखी एक: पुष्कळ इंडिकेटर आकड्याच्या आधी अक्षरं पाठवतात, वजन स्थिर झालंय की हलतंय ते सांगणारी. इंडिकेटरच्या मॅन्युअलमध्ये शेवटी-शेवटी असतं, बॉड रेटच्या (आकडे पाठवायच्या वेगाच्या) तक्त्याजवळ. स्थिर असल्याशिवाय पावती निघू देऊ नका, बटणच फिकट, दाबता न येणारं करून ठेवा. माणूस पोत्याला हात लावून उभा असतो, दाबून की उचलून ते तुम्हाला टेबलावरून दिसत नाही. थरथरणारा हात मात्र इंडिकेटरला दिसतो.

यासाठी पुस्तक पाहिजेच असेल तर जॅन अ‍ॅक्सेलसन यांचं 'सीरियल पोर्ट कम्प्लीट', दुसरी आवृत्ती, २००७. पहिली नको. दुसरीत डॉट नेटचा कोड आहे आणि यूएसबीवरच्या सीरियलचंही आहे. पेट्झोल्डसारखं रंगवून सांगितलेलं नाही, रुक्ष आहे, पण काट्याच्या कामाला तेच लागतं.

काजूबी_खानापूर

कॅरेज रिटर्नच होतं काका! आकडा आला. मॅन्युअलमध्ये अक्षरं पण मिळाली, स्थिरला एसटी आणि हलत्याला यूएस. बिगिनइन्व्होकचं आज रात्री करते. पावतीचं विचारायचं राहिलं: प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स आहे, कन्नड नाव त्यावर उमटेल काय?

शहापूर_जुनाखोड

उमटेल. आधीचं सॉफ्टवेअर प्रिंटरला नुसती अक्षरं पाठवत असणार, त्याच्या पोटात इंग्रजीच असते. तुम्ही प्रिंटडॉक्युमेंटमधून ड्रॉस्ट्रिंगनं काढा, म्हणजे विंडोज चित्र करून पाठवेल. हळू छापेल आणि कर्रकर्र जास्त करेल. नावापुरती एकच ओळ मोठी ठेवा, बाकीची पावती आटोपशीर. मराठी की कन्नड ते शेतकऱ्याच्या खात्यातच लिहून ठेवा, दरवेळी निवडायला लावू नका. आणि खात्याला नंबर द्या ओ, नावावर ओळखू नका, नाहीतर स्पेलिंगचं भांडण आता दोन लिप्यांत होईल.

निपाणी_वखार

लॅपटॉपला नऊ पिनांचं पोर्ट नसणार, म्हंजे तुम्ही यूएसबी कन्व्हर्टर लावला असणार. तो दुसऱ्या भोकात घातला की पोर्टचा नंबर बदलतोय. कॉम ३ म्हणून कोडात लिहून ठेवलं की झाडू मारणाऱ्या मावशीनं वायर काढून दुसरीकडं घातली की काटा बंद. नंबर सेटिंगमधून निवडता येऊ दे, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एकच नंबर पक्का करून टाका. कन्व्हर्टरवर मार्करनं लिहा, 'काढू नये'. मराठीत आणि कन्नडात दोन्ही.